घडीव लोखंडाची निगा : वाशी परिसरातील कोयता आणि त्याच्या भोवतीचे शब्द

व्यवहारातील मराठीत लोखंडी वस्तूंचे दोन वर्ग मानले जातात : ओतीव आणि घडीव. वितळलेला रस साच्यात ओतून जी वस्तू तयार होते ती ओतीव, आणि तापलेल्या लोखंडावर घणाचे घाव घालून जिला आकार दिला जातो ती घडीव. कोरीव, रेखीव, आखीव या विशेषणांप्रमाणेच या दोहोंतील प्रत्यय क्रियेचा परिणाम दाखवितो, आणि येथे तो परिणाम केवळ आकाराचा नसून गुणाचाही आहे. ओतीव लोखंड कठीण परंतु ठिसूळ असते. घडीव लोखंड घाव सोसते, वाकते, पुन्हा सरळ करता येते. कोयता, विळा, कुऱ्हाड, खुरपे, पहार, नांगराचा फाळ ही सारी घडीव कुळातील अवजारे होत. त्यांचे दोन वैरी सर्वज्ञात आहेत : एक ओरखडा व दुसरा गंज. हे दोन वैरी वेगवेगळे मानण्याची आपली सवय मात्र बरोबर नाही, आणि निगा राखण्यात होणाऱ्या बहुतेक चुका त्या सवयीतून होतात, असे या विषयाचा शब्दांच्या अंगाने विचार केल्यास दिसून येते.

या विचारासाठी धाराशिव जिल्ह्यातील वाशी हा तालुका निवडण्यास कारण आहे. २०२३ पर्यंत ज्याचे अधिकृत नाव उस्मानाबाद होते त्या या जिल्ह्याचा वाशीकडील भाग बालाघाटाच्या डोंगररांगेत येतो. हा सारा प्रदेश पर्जन्यछायेचा. काळी पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची, भूमी आणि उन्हाळ्यात अत्यंत कोरडी हवा. महाराष्ट्रात वाशी या नावाचे दुसरे, अधिक परिचित ठिकाण नवी मुंबईत ठाण्याच्या खाडीकाठी आहे. एकाच भट्टीतून निघालेले दोन कोयते या दोन वाशींत ठेवले, तर त्यांचे आयुष्य सारखे असणार नाही. खाडीच्या वाऱ्यातील क्षार लोखंडावर बसतात, हवेतील ओल ओढून घेतात, आणि गंजाची क्रिया फार जलद होते. बालाघाटावरील वाशीत हे संकट नाही. तेथे वर्षातील सुमारे आठ महिने लोखंड जवळजवळ आपोआप सुरक्षित असते. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत स्वच्छ लोखंडावर गंज फारच मंद गतीने चढतो. ती त्यापुढे गेली की गती एकदम वाढते. प्रश्न उरतो तो पावसाच्या चार महिन्यांचा.

वाशीच्या निवडीचे दुसरे कारण कोयता हेच आहे. बीड, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी मोठ्या संख्येने कुटुंबे स्थलांतर करतात. त्या व्यवहाराच्या भाषेत 'कोयता' या शब्दाने अवजाराचा अर्थ ओलांडला आहे. तोडणी करणारे पतिपत्नीचे जोडपे म्हणजे एक कोयता. एकटा मनुष्य असल्यास अर्धा कोयता. मुकादमाची उचल, टोळीची गणना, हिशेब हे सारे कोयत्यांवर चालते. साधनावरून साधन वापरणाऱ्याचा बोध होणे ही लक्षणा नवीन नाही. पण येथे दोन माणसे मिळून एक संख्या होते आणि त्या संख्येला लोखंडाचे नाव लाभते, हे विशेष आहे. मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर मिळते. बोथट किंवा दाते पडलेल्या धारेने एका घावाचे काम दोन घावांत होते. अशा वेळी कोयत्याची निगा हा त्या जोडप्याच्या दिवसाच्या कमाईचा प्रश्न ठरतो.

कोयता घडतो कसा हे पाहिल्यावाचून तो बिघडतो कसा हे कळणार नाही. पूर्वी मऊ लोखंडाच्या पात्याला धारेच्या बाजूस पोलादाची पट्टी भरीत. पोलादाला जुन्या मराठीत 'तिखे' असा शब्द आहे व तो संस्कृत 'तीक्ष्ण' पासून आलेला आहे. 'पोलाद' हा फारसी शब्द रूढ झाल्यावर तो मागे पडला. आता पुष्कळदा मालमोटारीच्या कमानीचे जुने पाटे वापरले जातात, व ते अंगचेच चांगले पोलाद असते. लोहार त्याला भट्टीत ताव देतो, ऐरणीवर ठोकतो आणि शेवटी पाणी देतो. लाल तापलेली धार पाण्यात बुडविली की तिच्यातील कार्बनाला बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही, तो लोखंडाच्या कणरचनेत अडकून बसतो व धार अतिशय कठीण होते. ती तशीच ठेवली तर काचेसारखी फुटेल; म्हणून तिला पुन्हा मंद ताव देतात. घासून उजळ केलेल्या पात्यावर प्रथम गवती पिवळा, मग जांभळट, मग निळा रंग धावत येतो, आणि हवा तो रंग धारेपर्यंत पोहोचला की पाते थंड करतात. पिवळा रंग सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला दिसतो, निळा ३०० च्या आसपास. धारेचा कठीणपणा व चिवटपणा यांचे प्रमाण या शंभरेक अंशांत ठरते.

येथे मराठीने एका नामाला दोन क्रियापदे जोडून फार महत्त्वाचा भेद केला आहे. हत्याराला पाणी देतात; आणि हत्याराला पाणी लागते. पहिल्यात कर्ता लोहार असून पाणी हा गुण आहे. पाणीदार, पाणी उतरणे, पाणी चढविणे हे सारे प्रयोग त्या गुणाचे असून तेथूनच ते माणसाच्या तेजाला लागू झाले. दुसऱ्यात कर्ता कोणीच नाही; पाणी आपण होऊन लागते आणि ते दोष होते. विद्यार्थ्याने हा भेद अर्थविचाराचे उदाहरण म्हणून पाहावा हे खरे, परंतु तो लोखंडाच्या विज्ञानाशीही जुळतो. क्षणभराचे पाणी लोखंडाची अंतर्रचना बदलते. रात्रभराचे पाणी त्याचा पृष्ठभाग खाते.

भट्टीतून निघालेल्या पात्याच्या अंगावर एक काळा थर असतो. तो लोखंड व प्राणवायू यांच्या संयोगाने तापात तयार झालेला असून जोवर अखंड आहे तोवर पात्याचे काही प्रमाणात रक्षण करतो. पुष्कळ शेतकरी नव्या अवजाराचा हा काळेपणा घासून टाकीत नाहीत, ते योग्यच आहे. परंतु हा थर ठिसूळ असतो. दगडाचा वा दुसऱ्या अवजाराचा ओरखडा बसला की तो तेवढ्या जागी निघतो, आणि ओल असेल तर भोवतालचा काळा थर व मधले उघडे लोखंड यांच्यात एक सूक्ष्म विद्युत्प्रवाह सुरू होतो. त्यात झीज होते ती उघड्या जागेची, व ती खोलवर होते. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पाण्याच्या एका थेंबावर केलेला प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू सहज पोहोचतो, मध्यभागी पोहोचत नाही. आणि लोखंड विरघळते ते मध्यभागी. ओरखड्याच्या तळाशी साचलेल्या ओलीची स्थिती हीच असते.

मराठीतील 'चरा' हा शब्द येथे आठवतो. पृष्ठभागावरील रेघेसारखी खाच म्हणजे चरा. शेतातील लांब खणलेला खड्डा म्हणजे चर. वाशीसारख्या अवर्षणाच्या मुलखात डोंगरउतारावर समतल चर खणतात ते पाणी अडावे, जिरावे म्हणून. पात्यावरचा चरा नेमके तेच काम करतो, फक्त तेथे ते नको असते. फडक्याने पुसले की सपाट भागावरचे पाणी निघून जाते, चऱ्यातले राहते. त्यात गंज धरतो. गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापणारा व सच्छिद्र पदार्थ असल्यामुळे तो ओल धरून ठेवतो आणि चरा आणखी रुंद करतो. ओरखडा हा गंजाचा आरंभ होय, असे म्हणावे लागते ते यामुळे.

'गंज' या शब्दाचे नाते फारसी 'जंग' या शब्दाशी लावले जाते. मराठीत 'जंग चढणे' असाही प्रयोग होतो, आणि ज व ग यांची अदलाबदल मानल्यास वर्णविपर्ययाचे ते चांगले उदाहरण ठरते. पिकावर पडणाऱ्या तांबूस रोगाला मात्र मराठी शेतकरी 'तांबेरा' म्हणतो. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द चालतो. मराठीने रंगावरून पिकाच्या रोगाला स्वतंत्र नाव दिले. गंजणे या क्रियापदाच्या विरोधी म्हणून आपल्या बोलण्यात झिजणे हे क्रियापद येते, आणि गंजण्यापेक्षा झिजणे बरे असे आपण सहज म्हणून जातो. माणसांच्या बाबतीत हा विरोध मान्य होईल. लोखंडाच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण गंज काढावयाचा म्हणजे लोखंड झिजवावयाचे. गंज म्हणजे लोखंडच असते, रूप बदललेले. तो खरवडला की तेवढे पाते कमी होते, आणि खरवडताना जे नवे चरे पडतात ते पुढच्या गंजाला जागा करून देतात. गंज काढण्यात जितका उत्साह, तितका तो परत येण्याचा वेग, असा अनुभव पुष्कळांना येतो त्याचे कारण हे आहे.

म्हणून काय घासावे याला महत्त्व येते. मऊ घडीव लोखंडाचा कठीणपणा मोहस् यांच्या मापनात ४ ते ५ च्या दरम्यान, पाणी दिलेल्या धारेचा ६ च्या वर. काळ्या पाषाणातील खनिजे ५ ते ६ या टप्प्यात मोडतात, तर त्या पाषाणाच्या पोकळ्यांतून निघणारी, शेतात जागोजाग सापडणारी गारगोटी ७ ची असते. वाळूत ती मिसळलेली असतेच. वाळूने घासलेले पाते चकचकीत दिसते, परंतु ती चकाकी म्हणजे सहस्र बारीक चऱ्यांवरून परतणारा प्रकाश. विटेची पूड त्याहून फारशी सौम्य नाही. चुलीची राख मात्र निराळी. ती मऊ असते, शिवाय तिच्यातील क्षार अल्कधर्मी असतात आणि अल्कधर्मी ओलीत लोखंड सहसा गंजत नाही. राखेने घासण्याची जुनी रीत म्हणूनच शास्त्राला धरून आहे. फक्त राख पात्यावर राहू देऊ नये, कारण ती हवेतील ओल ओढते. विजेच्या चाकावर धार लावून घेण्याची पद्धत आता सर्वत्र आहे. तीत वेळ वाचतो, पण खोल चरे पडतात आणि पाते तापून धारेवर निळा रंग आला तर लोहाराने दिलेले पाणी उतरते. तशी धार दोन दिवसांत बसते, आणि दोष पोलादाला दिला जातो. दगडावर पाण्याचा हात देत पाजविलेल्या धारेला हा धोका नाही.

उसाचा रस हा आणखी एक वैरी. तो किंचित आम्ल असतो, चिकट असतो, आणि वाळला तरी त्यातील साखर ओल धरते. आंबला की आम्लता वाढते. तोडणीच्या हंगामात दिवसाअखेर कोयता धुऊन, पुसून, कोरडा करून ठेवणे हे तेल लावण्याच्याही आधीचे काम होय. ओल्या पात्यावर तेल लावल्यास पाणी तेलाखाली कोंडले जाते. मुठीचा विचारही येथे करावा. बाभळीचे लाकूड चिवट म्हणून मुठीला पसंत केले जाते. त्यातील टॅनिन लोखंडाशी मिळून काळा संयुग बनवते व तो काही अंशी रक्षकच असतो. पण मूठ भिजली की आतल्या शेपटाला दिवसचे दिवस ओल लागून राहते आणि गंज न दिसता वाढतो. घाव घालताना पाते मुठीतून निसटते ते बहुधा असे आत कुजलेले असते. हात जायबंदी होण्याचा हा मार्ग धारेइतकाच विचारात घेण्याजोगा आहे.

तेल कोणते, याचे उत्तरही शब्दांत दडलेले सापडते. मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीत करडई पिकते आणि करडईचे तेल घरात असते. हे तेल वाळणाऱ्या तेलांच्या वर्गातील आहे. हवेतील प्राणवायू घेऊन त्याचा हळूहळू पातळ, चिवट पापुद्रा बनतो. जवसाचे तेलही तसेच, किंबहुना अधिक. आपण लाकडावर वा लोखंडावर चढवितो त्या लेपाला 'रोगण' म्हणतो. हा फारसी 'रोग़न' होय आणि तेथे त्याचा अर्थ तेल अथवा तूप एवढाच आहे. करडईचे तेल दीर्घकाळ तापवून घट्ट केल्यावर जो जलरोधक पदार्थ होतो त्यालाही रोगण हेच नाव मिळाले. तेलाचा लेप होतो ही गोष्ट या एका शब्दाच्या अर्थांतरात नोंदलेली आहे. करडईचे वा जवसाचे तेल म्हणून दीर्घ मुदतीच्या साठवणीला चांगले, पण अगदी पातळ पुसून लावलेले. जाड लावल्यास ते चिकटते आणि धूळ धरते. खोबरेल व एरंडेल वाळत नाहीत, ती रोजच्या पुसण्याला बरी. वनस्पतिज तेले खवट झाली की त्यांत आम्ल वाढते. खनिज तेलाला हा दोष नाही. गाडीचे जळके तेल फुकट मिळते म्हणून पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्यात ज्वलनातून आलेली आम्ले व काजळी असते, शिवाय ते हातातून अन्नापर्यंत जाते. फुकट असण्यापलीकडे त्याची शिफारस करता येत नाही.

गोणपाटात गुंडाळून ठेवण्याची रीत मात्र सोडावयास हवी. ताग हवेतून आपल्या वजनाच्या सुमारे १४ टक्के ओल सहज धरतो, आणि पावसाळ्यात त्याहून अधिक. तेल मुरविलेले सुती फडके हवे. खतांच्या पोत्यांशेजारी अवजारे ठेवणे त्याहून वाईट. पोटॅशच्या खतातील क्लोराइड म्हणजे खाडीकाठच्या वाशीची हवा घरात आणून ठेवण्यासारखेच.

घडीव लोखंडाची हीच चिंता जगात अगदी निराळ्या वर्गातही आढळते. गोल्फच्या खेळात ज्या काठीला 'आयर्न' म्हणतात तिचे डोके चांगल्या प्रतीच्या संचात घडीव असते. कोलकात्यात या खेळाचा क्लब १८२९ पासून आहे. तेथेही साधनाला द्रव्याचेच नाव. हे पोलाद मुद्दाम मऊ, सुमारे ०.२ ते ०.२५ टक्के कार्बनाचे असते. त्याला पाणी दिलेले नसते. त्यामुळे पिशवीत एकमेकांवर आपटून त्याला खळगे व ओरखडे पडतात. त्यावर बहुधा निकेल व क्रोमियमचा मुलामा असतो, आणि तो जेथे तुटतो तेथे गंज धरतो. काळ्या थराच्या बाबतीत सांगितलेलेच येथे घडते. काही खेळाडू मुलामा नसलेली उघडी डोकी पसंत करतात व पातळ तेलाने ती राखतात. त्यांना दिला जाणारा सल्ला असा की, डोकी एकमेकांपासून वेगळी ठेवावीत, खेळ संपताच कोरडी पुसावीत, आणि ओल्या आवरणात कधी झाकून ठेवू नयेत. ऊसतोड्याच्या खोपीत या सल्ल्यातील एक अक्षरही बदलण्याचे कारण नाही. दोघांत भेद एवढाच की एकाचे साधन बिघडले तर खेळ बिघडतो.

ज्याला गंज शिवत नाही अशा घडीव लोखंडाचे उदाहरण म्हणून दिल्लीच्या लोहस्तंभाचा दाखला नेहमी दिला जातो. गुप्तकाळातील हा सहा टनांहून अधिक वजनाचा स्तंभ तापलेले गोळे ठोकून सांधून केलेला आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तील आर. बालसुब्रमण्यम यांच्या अभ्यासातून त्याच्या टिकाऊपणाचे श्रेय लोखंडातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणाला आणि त्यामुळे पृष्ठभागावर बनलेल्या रक्षक थराला दिले जाते. म्हणजे तेथेही गंज आहेच, परंतु तो सच्छिद्र नसून घट्ट आहे. आणि त्याच स्तंभाचा जमिनीतला भाग, जेथे ओल सतत होती, गंजलेला आढळला. मालमोटारीच्या पाट्यात तो फॉस्फरस नाही; तेव्हा त्या स्तंभाचा अभिमान बाळगून कोयता पावसात विसरण्यात अर्थ नाही.

निगेचा हा सारा व्यवहार एके काळी बलुत्यात बसविलेला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आहे, त्यात लोहार वर्षाच्या धान्यावर कुणब्याची अवजारे दुरुस्त करतो. फाळ, कुदळ, पहार यांचे झिजलेले टोक तापवून पुन्हा ठोकून, पाणी देऊन आणावयाचे, याला 'शेवटणे' असे क्रियापद होते. शेवट या नामापासून झालेले हे नामधातू मोठे सुबोध आहे : टोक नव्याने देणे. ते आता शेतकऱ्यांच्या तरुण पिढीच्या तोंडी क्वचित येते, कारण क्रियाच दुर्मिळ झाली. अवजार बाजारातून आणतात आणि झिजले की टाकतात. गावोगाव फिरणाऱ्या घिसाडी लोहारांची बोली ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात (१९०८) गुजरातीच्या पोटात नोंदलेली आहे. मराठीने त्यांच्या नावाशी 'घिसाडघाई' हा शब्द जोडून त्यांच्यावर अन्यायच केला, असे म्हणावे लागते. तापलेले लोखंड थंड होण्याच्या आत ठोकणे ही घाई त्या धंद्याची शिस्त आहे.

शेवटी राहतो तो कालनिर्णय. आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, घरातील सर्व हत्यारे काढून घासावयाची, पुसावयाची आणि पुजावयाची अशी रीत महाराष्ट्रभर आहे. तुळजापूरच्या नवरात्राचा हा जिल्हा, तेव्हा येथे ती विशेष आस्थेने पाळली जाते. ही तिथी मुळात तलवारीच्या वर्षाची आहे. पावसाळ्यात सैन्ये घरी, हत्यारे खुंटीला, दसऱ्याला सीमोल्लंघन. खुरप्याचे वर्ष याच्या उलट असते. पावसाळ्यात ते रोज मातीत फिरून आपोआप उजळ राहते आणि विश्रांती घेते ती कोरड्या उन्हाळ्यात. कोयत्याचे वर्ष मात्र तंतोतंत तलवारीचे. तो दसऱ्यानंतर सीमा ओलांडतो, चैत्राच्या आसपास परततो आणि ज्येष्ठ ते भाद्रपद भिंतीला टांगलेला राहतो. म्हणजे त्याच्यावर गंज चढण्याचे चारही महिने खंडेनवमीच्या आधी संपलेले असतात. नवमीला जे होते ते गंज काढणे, आणि त्यात दरवर्षी थोडे पाते जाते व थोडे चरे वाढतात. रक्षणाचा दिवस त्याच्या पाच-सहा महिने आधी यावयास हवा : टोळी गावी परतल्यावर, हवा कोरडी असतानाच, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. त्या वेळी कोयता राखेने घासून, धुऊन, उन्हात चांगला तापवून, तो ऊबदार असतानाच करडईच्या तेलाचा पातळ हात द्यावयाचा, मुठीच्या सांध्यात दोन थेंब सोडावयाचे, आणि तो दुसऱ्या अवजारांना न लागेल असा तेलाच्या फडक्यात टांगून ठेवावयाचा. मृग निघण्यापूर्वी एवढे झाले, तर खंडेनवमीला त्यावरून केवळ फडके फिरवावे लागेल.